पोस्टकार्डावरचं बगदाद

पोस्टकार्ड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते पिवळट, जाडसर कागदाचं सरकारी कार्ड. गावाकडची खुशाली त्यावर यायची, लग्नाची तारीख त्यावर यायची आणि कुणी अल्लाहला प्यारं झालं तर ती खबरही त्यावरच यायची. अशा कार्डाचा कोपरा फाडलेला असे, म्हणजे वाचण्याआधीच कळावं. माझी अम्मी सांगते, पोस्टमन कार्ड टाकून गेला की नानी आधी त्याचे चारही कोपरे बघायची आणि मगच "पढ" म्हणायची. नानीला अक्षर वाचता येत नव्हतं. कोपरे मात्र वाचता येत होते.

मी इथे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती पोस्टकार्डं वेगळ्या जातीची आहेत. लंडनच्या संगीत नाटकांची ती जाहिरात आहे, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची. अशी तीन कार्डं माझ्याकडे आहेत. सोलापुरातल्या उर्दू माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांना शिकवणाऱ्या बाईचा लंडनच्या नाटकांशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. संबंध आहे, आणि तो लांबचा नाही.

ही कार्डं मिळाली मुंबईच्या चोर बाजारात. माझे मामू नागपाड्याला राहतात. त्यांना जुन्या घड्याळांचा शौक. सुट्टीत मी गेले की ते मला हमखास मटण स्ट्रीटवर नेतात. ते घड्याळं उघडून बघत बसतात आणि मी वर्गात लावायला जुने नकाशे शोधत फिरते. त्या दिवशी एका दुकानदाराने बुटाचं खोकं माझ्यापुढे सरकवलं. म्हणाला, "टीचर हैं ना आप? ये देखो, इस में अलीबाबा है." मामू मागून हसले, "चोर बाजार में चालीस चोर! ले ले बेटा, इस से अच्छी जगह नहीं मिलेगी उन को." तीनशे रुपयांत तीन कार्डं पडली.

तिन्ही कार्डं एकाच नाटकाची. नाव 'चू चिन चाऊ'. पहिल्यावर चिनी पोशाखातला एक धिप्पाड माणूस, चेहऱ्यावर जाड रंग. दुसऱ्यावर एक देखणी बाई, डोक्यापासून पायापर्यंत मण्यांनी मढलेली. तिसऱ्यावर गुलाम मुलींचा घोळका, उघडी पोटं, पायांत वाळे, एकीच्या हातात पंखा. तपकिरी छटेचे फोटो आहेत. मागच्या बाजूला थिएटरचं नाव छापलेलं. एका कार्डावर पेन्सिलीने चार ओळी आहेत. खेळ फार छान होता, कपडे तर विचारूच नकोस, अशा अर्थाच्या. पत्त्यात कुलाबा, बॉम्बे एवढंच लागतं. तिकीट कुणीतरी काढून घेतलंय. शिक्क्याचा अर्धा भाग उरलाय, त्यात १९१७ वाचता येतं.

आधी या कार्डांच्या कुळाविषयी थोडं सांगायला हवं. पोस्टकार्डाचा जन्म ऑस्ट्रियातला, १ ऑक्टोबर १८६९ चा. बरोबर एका वर्षाने ते ब्रिटनमध्ये आलं, अर्ध्या पेनीला. आपल्याकडे आलं १८७९ मध्ये, पाव आण्याला. खासगी छापखान्यांना स्वतःची चित्रकार्डं टपालात टाकायची परवानगी ब्रिटनमध्ये १८९४ मध्ये मिळाली. पण नियम असा होता की एका बाजूवर पत्ता आणि फक्त पत्ताच. मजकूर आणि चित्र यांनी दुसऱ्या बाजूवर दाटीवाटीने राहायचं. मग १९०२ मध्ये पत्त्याच्या बाजूलाच डावीकडे मजकूर लिहायची मुभा मिळाली. कार्डाच्या पाठीवर मधोमध उभी रेघ आली आणि दुसरी आख्खी बाजू चित्राला मोकळी झाली. एका रेघेने केवढा धंदा उभा केला!

थिएटरवाल्यांनी ही संधी लगेच ओळखली. त्या काळात लंडनमध्ये हलक्याफुलक्या संगीत नाटकांचा जोर होता. १९०७ मध्ये डेलीज थिएटरात 'द मेरी विडो' आलं, त्याचे ७७८ प्रयोग झाले, आणि त्यातली नायिका लिली एल्सी हिचे फोटो घराघरांत पोचले, ते पोस्टकार्डावरून. रोटरी फोटोग्राफिक नावाची कंपनी नट्यांचे खरे फोटो कार्डावर छापायची आणि मुली ते अल्बममध्ये लावायच्या. दुसरा प्रकार रंगीत कार्डांचा. डेव्हिड ॲलन अँड सन्स ही भिंतीवरची मोठी पोस्टरं छापणारी कंपनी. ती त्याच चित्राची छोटी आवृत्ती कार्डावर छापी. नाटक गावोगाव निघालं की त्या त्या गावाच्या थिएटरचं नाव आणि तारीख मागे छापून घ्यायची, की झाली नवी जाहिरात तयार.

आपल्याकडे नाटकाची हँडबिलं वाटत. वाटलेलं हँडबिल वाचून रस्त्यावर पडतं. पोस्टकार्डाचं तसं नाही. ते बघणारा स्वतःच्या पैशाने विकत घेतो, स्वतःच्या पैशाने तिकीट लावतो आणि जाहिरात आपल्या बहिणीच्या, मित्राच्या घरात नेऊन पोचवतो, वर खाली प्रेमाने सही करतो! ते घरात आलं की फेकलं जात नाही, आरशाच्या चौकटीत खोचलं जातं. म्हणून तर कुलाब्याला आलेलं एक कार्ड शंभर वर्षं टिकून माझ्यापर्यंत आलं.

आणि या नाटकांना पूर्वेचं भारी वेड. 'द गेशा' (१८९६) जपानचं, 'सान टॉय' (१८९९) चीनचं, 'द सिंगाली' (१९०४) सिलोनचं. लिहिणारे, गाणारे, बघणारे सगळे तिकडचेच. पूर्वेने फक्त कपडे पुरवायचे.

'चू चिन चाऊ' हे या सगळ्यांचा बाप निघालं. ३ ऑगस्ट १९१६ ला लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरात ते सुरू झालं आणि २२ जुलै १९२१ ला थांबलं. मधल्या पाच वर्षांत २,२३८ प्रयोग. इतके प्रयोग त्याआधी कुठल्या संगीत नाटकाचे झाले नव्हते आणि हा विक्रम पुढे पन्नासच्या दशकापर्यंत कुणाला मोडता आला नाही. लिहिलं ऑस्कर ॲश या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या नटाने, संगीत फ्रेडरिक नॉर्टनचं. ॲशने याआधी १९११ मध्ये 'किस्मत' नावाच्या नाटकात बगदादचा भिकारी रंगवून नाव मिळवलं होतं. 'किस्मत' गद्य नाटक होतं, हे गाण्यांचं. गोष्ट आपलीच, अलीबाबा आणि चाळीस चोरांची. मात्र नायक अलीबाबा नाही. चोरांचा सरदार अबू हसन हा नायक, आणि ते काम खुद्द ॲशचं. हा अबू हसन एका चिनी व्यापाऱ्याला लुटून मारतो आणि त्याचं सोंग घेऊन कासिमच्या महालात पाहुणा म्हणून जातो. त्या व्यापाऱ्याचं नाव चू चिन चाऊ. म्हणजे माझ्या पहिल्या कार्डावर एक ऑस्ट्रेलियन माणूस अरबाचं सोंग घेऊन, त्या सोंगात चिन्याचं सोंग घेऊन उभा आहे. सोंगावर सोंग! आणि दुसऱ्या कार्डावरची बाई म्हणजे ॲशची बायको, लिली ब्रेटन. नाटकात ती जहरत अल-कुलूब नावाची गुलाम झाली आहे.

गंमत म्हणजे अलीबाबाची जी सगळ्यांत जुनी छापील गोष्ट आहे तिच्यात शहर इराणातलं आहे, बगदाद नाहीच. पण गुहा, उंट, गुलामांचा बाजार आणि पडद्याआडच्या बायका असं काही दिसलं की लंडनच्या प्रेक्षकाच्या लेखी ते बगदाद. पोस्टकार्डावर नकाशा छापत नाहीत.

इथे मला माझ्या आठवीच्या इतिहासाची वही मध्ये आणावी लागेल. पहिल्या महायुद्धाचा धडा शिकवताना मी फळ्यावर तारखांची दोन खणांत मांडणी करते, एका बाजूला युरोप, एका बाजूला आपण. सुट्टीत सहज त्या नाटकाची तारीख मी माझ्या वहीत दुसऱ्या खणाशेजारी लिहिली आणि पेन हातातच राहिलं. ३ ऑगस्ट १९१६. त्याच्या तीनच महिने आधी, २९ एप्रिल १९१६ ला, इराकमधल्या कूत गावात ब्रिटिश-हिंदी फौजेने तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली होती. ती फौज म्हणजे सहावी डिव्हिजन, आणि तिचं नाव होतं पूना डिव्हिजन. बगदाद घ्यायला निघाली होती. टेसिफोनला अडली, मागे फिरली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कूतमध्ये कोंडली गेली. जवळजवळ पाच महिने. धान्य संपलं तेव्हा घोडे कापले. घोड्याचं मांस खायला अनेक हिंदी शिपायांनी नकार दिला, तेव्हा तारा करून धर्मगुरूंच्या परवानग्या मागवाव्या लागल्या. शेवटी सुमारे १३,००० माणसं कैद झाली. त्यांत १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फंट्री होत्या, ११७ मराठा होती. या पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या, म्हणजे सातारा, रत्नागिरी, अहमदनगर अशा मुलखातली तुमच्या-माझ्या आजोबा-पणजोबांच्या पिढीची माणसं. या कैद्यांना वाळवंटातून चालवत बगदादला नेलं, तिथल्या रस्त्यांवरून फिरवलं आणि मग पुढे तुर्कस्तानात. हजारो परत आले नाहीत. आपल्या माणसांनी बगदाद पाहिलं ते असं.

आणि तिकडे पडदा उघडला. फ्रान्सच्या आघाडीवरून चार दिवसांच्या रजेवर आलेले शिपाई 'चू चिन चाऊ' बघायला गर्दी करत. खंदकातल्या चिखलातून आलेल्या पोराला रंग, गाणी आणि गोड माणसं बघावीशी वाटली तर त्यात त्याचा काय दोष? मला त्याचा राग येत नाही. ११ मार्च १९१७ ला इंग्रजी फौज खऱ्या बगदादमध्ये शिरली तेव्हाही नाटक चालूच होतं. कुलाब्याला कार्ड आलं ते याच वर्षी. त्याच मुंबई बंदरातून बसऱ्याला जाणारी जहाजं भरून निघत होती. कार्ड वाचणाऱ्याला खिडकीतून ती दिसत असतील का? मी अनेकदा हा विचार करते.

आता गोष्टीकडे येते, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

आपण समजतो की अलीबाबा हा 'अलिफ लैला'मधला जुना किस्सा. अलिफ लैलाच्या जुन्या अरबी हस्तलिखितांत तो नाही. १७०९ मध्ये पॅरिसमध्ये आंत्वान गालां या फ्रेंच पंडिताला तो एका तरुणाने तोंडी सांगितला. तरुणाचं नाव हन्ना दियाब, हलबचा म्हणजे अलेप्पोचा राहणारा, मारोनी ख्रिस्ती. गालां १७१५ मध्ये वारला, गोष्ट छापली गेली १७१७ मध्ये. हन्नाचं नाव पुस्तकावर आलं नाही. त्याने म्हातारपणी आपल्या प्रवासाची हकिकत अरबीत लिहून ठेवली होती. ती व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पडून होती आणि तिचं फ्रेंच भाषांतर २०१५ मध्ये, इंग्रजी २०२१ मध्ये आलं. पण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गालांची टिपणवही. हन्नाकडून ऐकल्यावर त्याने गोष्टीला जे नाव टिपून ठेवलं त्यात अलीबाबा नाहीच. ते नाव साधारण असं आहे की, मर्जिनाची हुशारी, अर्थात एका गुलाम मुलीच्या अकलेने नष्ट झालेले चाळीस चोर.

मी हे वाचलं आणि मला नानी आठवली. नानीच्या दख्खनी जबानीत ही गोष्ट सुरूच व्हायची मर्जिनापासून. "एक थी अक्कलवाली छोकरी..." अलीबाबा बिचारा मधेच कुठेतरी लाकडं तोडत यायचा. नानीने ना गालां वाचला ना हन्नाचं नाव ऐकलं. पण गोष्ट कुणाची आहे हे तिला ठाऊक होतं. (इंग्रजीत अलिफ लैला नेणाऱ्या रिचर्ड बर्टनने १८८६ ते १८८८ च्या दरम्यान पुरवणीचे खंड काढले, तेव्हा गालांच्या गोष्टींसाठी तोताराम शायान या मुन्शींच्या उर्दू तर्जुम्याचा आधार घेतला होता. लखनौच्या नवल किशोर प्रेसचा तो तर्जुमा. उर्दू कुणाची भाषा, हा वाद घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.)

मर्जिना काय करते ते बघा. चोर अलीबाबाच्या दारावर खडूने खूण करून जातो. घरातल्या कुणाच्या लक्षात येत नाही. तिच्या येतं. ती आरडाओरडा करत नाही. ती खडू घेते आणि गल्लीतल्या सगळ्या दारांवर तशीच खूण करते. झालं, चोरांची अक्कल बंद! दुसऱ्या खेपेला लाल खूण, तेव्हा पुन्हा तेच. मग तेलाचे बुधले येतात. हा भाग मी सहावीला गणिताच्या तासाला सांगते. चोर चाळीस. खूण चुकली म्हणून दोघांची मान सरदाराने उडवली, सरदार स्वतः बाहेर, तर बुधल्यांत किती? सदतीस. मुलं हे गणित कधी चुकत नाहीत. शेवटी सरदार व्यापारी बनून जेवायला येतो आणि सांगतो, माझ्या जेवणात मीठ घालू नका. मर्जिनाच्या डोक्यात लगेच प्रश्न, हा कसला पाहुणा, जो मीठ खात नाही? ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर खंजीर चालवता येत नाही, हे चोराला कळतं. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणून तो मीठच टाळतो. खूण ओळखणारी, मिठाची गैरहजेरी ओळखणारी ही मुलगी. मग ती नाचते, नाचता नाचता खंजीर चालवते. नाच हा शेवटचा डाव आहे, त्याआधी सगळं काम डोक्याचं आहे.

लंडनच्या नाटकाने तिचं काय केलं? दोन तुकडे केले. मर्जाना नावाची एक नाजूक गुलाम मुलगी ठेवली, तिला अलीबाबाच्या मुलाच्या प्रेमात पाडलं, गाणी दिली. उकळतं तेल ओतायचं आणि सरदाराला मारायचं काम दिलं जहरतला, कारण मुख्य नटी ती. आणि या दोघींच्या मागे गुलाम मुलींचा घोळका, ज्यांच्या अपुऱ्या कपड्यांच्या तक्रारी लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीपर्यंत गेल्या. पोस्टकार्डावर कुणाला जागा मिळाली ते वर सांगितलंच आहे. खडू कुणाच्याही हातात नाही.

हे फक्त लंडनला झालं असं मात्र म्हणू नये. कलकत्त्याच्या रंगभूमीवर क्षीरोदप्रसाद विद्याविनोद यांचं नाचगाण्यांचं 'अलीबाबा' १८९७ मध्येच आलं होतं, लंडनच्या एकोणीस वर्षं आधी. पुढे आपल्या सिनेमाने मर्जिनाला पकडलं ते घट्टच. १९५४ मध्ये शकीला, १९८० मध्ये हेमामालिनी. दोघी सुंदर, दोघी नाचतात. डोकं चालवतात की नाही हे कुणाच्या लक्षात राहत नाही. बी.एड.ला आम्हाला शैक्षणिक साधनांवर एक आख्खा घटक होता. चित्र दाखवलं की मूल लवकर शिकतं, हे वाक्य आम्ही परीक्षेत दहा वेळा लिहिलं असेल. मूल काय शिकतं आणि ते विसरायला त्याला किती पिढ्या लागतात, हे त्या घटकात नव्हतं.

यंदाच्या जानेवारीत आमच्या शाळेचा सालाना जलसा होता. मी 'मर्जिना' नावाचं अर्ध्या तासाचं नाटक बसवायला घेतलं. मर्जिनासाठी आठवीतली एक मुलगी निवडली. बारीक, काळीसावळी, आवाज खणखणीत. वडील रिक्षा चालवतात. तालमीला चार दिवस झाले आणि पाचव्या दिवशी ती आली नाही. सहाव्या दिवशी शाळेच्या कमिटीतले एक बुजुर्ग ऑफिसात येऊन बसले. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. माणूस दिलाने चांगला, गरीब मुलांच्या वह्या-पुस्तकांना दरवर्षी स्वतःच्या खिशातून पैसे देतो. म्हणाले, "बेटा, ड्रामा करो, मना नहीं. लेकिन मर्जिना? वो तो नाचनेवाली ना? शरीफ घर की बच्ची को स्टेज पे नचाओगे? उस के बाप ने मेरे पास आ के बोला."

मी म्हटलं, "चाचा, नाच मैं ने रखा ही नहीं."

"नहीं रखा तो भी. नाम तो मर्जिना का है. लोगों की आँखों में जो है वो है."

हे वाक्य मला फार खरं वाटलं. आणि माझ्या पर्समध्ये ती कार्डं होती. मी तिसरं कार्ड टेबलावर ठेवलं, मग दुसरं. म्हटलं, "चाचा, लोगों की आँखों में ये है ना?"

चाचांनी चष्मा पुसला. कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं. बराच वेळ बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "अरे, ये तो मेम है!"

हेडमास्तर हसले, शिपाईमामा हसले, चाचाही हसले. मी त्यांना सांगितलं की ही मेम आहे, हा वर उभा आहे तो साहेब आहे, हे कापड मँचेस्टरचं असेल तर नवल नाही, आणि हा बाजार तुमच्या-माझ्या बापजाद्यांनी कधी भरवला नव्हता. कूतची गोष्टही सांगितली. चाचा गप्प झाले. त्यांच्या घराण्यातलं कुणीतरी 'बसरे की लाम' वर गेलं होतं, असं म्हणाले. लाम म्हणजे लढाई, जुनी माणसं म्हणत. नाव त्यांना आठवेना. "दादी रोती थी उस का नाम ले के," एवढंच.

तेवढ्याने सगळं सुटलं असं मात्र नाही. चाचा मुलीच्या वडिलांशी बोलले. वडिलांनी तीन अटी घातल्या. नाच नको, दुपट्टा डोक्यावरून सरकता कामा नये, आणि फोटो मोबाइलवर फिरवायचे नाहीत. मला तिन्ही मान्य होत्या. खरं सांगायचं तर तिसरी अट मला फार शहाणपणाची वाटली. मोबाइलवरचा फोटो म्हणजे आजचं पोस्टकार्डच. एकदा हातातून सुटलं की कुठल्या आरशाच्या चौकटीत जाऊन बसेल, सांगता येत नाही.

नाच काढल्यावर शेवट काय करायचा, हा प्रश्न होता. तो त्या मुलीनेच सोडवला. म्हणाली, "टीचर, मैं उस को नमक खिलाती." आणि आम्ही तसंच केलं. मर्जिना पाहुण्यापुढे सगळं बिनमिठाचं ताट ठेवते, पाहुणा खूश होतो, मग ती पाण्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून देते. तो एक घोट घेतो आणि त्याचा खंजीर हातातून गळतो. खाल्लं ना मीठ! आता काय करशील? हा शेवट हन्नाचाही नाही, गालांचाही नाही, नानीचा तर नाहीच. पण नानीला चालला असता.

जलशाच्या रात्री मैदानात बायकांची गर्दी पुरुषांपेक्षा जास्त होती. थर्माकोलचे सहा दरवाजे उभे केले होते. मर्जिना खडू घेऊन निघाली, एका दारावर फुली, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. बायका हसायला लागल्या. सहाही दारं झाली आणि ती थांबेना. नाटकात नसताना खाली उतरली, पहिल्या रांगेत हेडमास्तरांच्या खुर्चीच्या पाठीवर एक फुली, चाचांच्या खुर्चीवर एक फुली. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. तिचे वडील मागे रिक्षाला टेकून उभे होते. ते हसले की नाही, मला अंधारात दिसलं नाही.

आमची शाळा आठवीपर्यंतच आहे. नववीला जायचं तर गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं, सिटी बसने पाऊण तास. दरवर्षी आठवीतल्या मुलींपैकी काहींचे दाखले हायस्कूलसाठी जातात, काहींचे नुसतेच घरी जातात. मी दर मे महिन्यात ही यादी करते आणि ती करायला मला आवडत नाही.

निकालानंतर दोन दिवसांनी त्या मुलीचे वडील शाळेत आले. दारातच उभे राहिले. मी बसा म्हटलं, बसले नाहीत. म्हणाले, "टीचर, वो चॉक वाला सीन आप ने सिखाया था क्या, नीचे उतर के?"

मी म्हटलं, "नहीं. वो उस ने खुद किया."

ते थोडा वेळ भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिले. मग विचारलं, हायस्कूलची पहिली बस किती वाजता सुटते, आणि परतीची किती वाजता येते. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गेले. दाखला न्यायचं ते विसरले की मुद्दाम ठेवून गेले, मला कळलं नाही. तो माझ्या कपाटात आहे. शाळा पंधरा जूनला उघडते.